कंसात लिहिलेलं

हे घडलेलं आहे.

ऐकीव नाही. कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीचं आहे. बहुतेक सगळं तिने मला तिच्या तोंडाने सांगितलंय, थोडं तिच्या नणंदेने, आणि अगदी शेवटचं जे आहे तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण धरून चालतो. ही भरदुपारची आहे.

मंगळवार. तीन वाजून वीस मिनिटं. कारखान्याच्या शेडमधली कोपऱ्यातली काचेची खोली.

मावशी आणि काका एकाच मशीनवर काम करायचे. एकाच वेळी नाही. काका पहिल्या पाळीला, सकाळी सात ते तीन. मावशी दुसऱ्या पाळीला, तीन ते अकरा.

अकरा वर्षं.

कारण घरात बाळी.

बाळी म्हणजे त्यांची मुलगी. एकोणीस वर्षांची, पण सगळ्यांची अजून बाळीच. तिला जन्मापासून चालता येत नाही, बोलता येत नाही, हात तिचं ऐकत नाहीत. एका वेळचं जेवण भरवायला तासभर लागतो. घास मऊ हवा, चमचा उथळ हवा आणि भरवणारा घाईत नको. म्हणून दोघांनी दिवस मधोमध वाटून घेतला होता. सकाळ मावशीची. दुपारपासून पुढे काकांची. दोघंही वाटेवर असायचे तो मधला तासभर शेजारच्या बाई येऊन बसायच्या.

मग नवरा-बायको धड जागेपणी भेटायचे कधी?

दुपारी तीनला. मशीनपाशी. दहा मिनिटं.

माझी आई चेष्टेने म्हणायची, "तुमचा संसार म्हणजे घड्याळाचे काटे गं. भेटले न भेटले की चालले पुढे."

मावशी म्हणायची, "भेटतात ना? झालं तर."

ते मशीन मोठ्या कपाटाएवढं होतं. दार सरकवून आत अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव तुकडा पकडीत बसवायचा, दार लावायचं, पुढचं कापायचं काम कॉम्प्युटरचं. दाराशेजारी पॅनेल. वर स्क्रीन, बाजूला अक्षरांची आणि आकड्यांची बटणं, खाली वेगाचा गोल नॉब आणि रंगीत बटणं. हिरवं म्हणजे सायकल स्टार्ट, चालू हो. त्याच्या शेजारचं फीड होल्ड, आहेस तिथे थांब.

मावशी आधी पॅकिंगला होती. मशीन तिला काकांनीच शिकवलं, आणि पहिलं बटण शिकवलं ते थांबवायचं.

"डोळे मिटले तरी हात फीड होल्डवर गेला पाहिजे," ते म्हणायचे. "चालू काय, कुणीही करेल."

त्यांचं दुसरं लाडकं बटण सिंगल ब्लॉक. ते दाबलं की त्यावरचा पिवळा दिवा लागतो, आणि मशीन प्रोग्रॅमची एकच ओळ पाळून उभं राहतं. पुन्हा हिरवं दाबा, पुढची एक ओळ. पाळीचा पहिला तुकडा काका नेहमी असाच करायचे. वेगाचा नॉब ऐंशीवर, आणि एकेक ओळ. बाकीचे हसायचे. म्हणायचे, काका मशीनला बोट धरून चालवतात.

आणि एक गोष्ट होती, ती या दोघांचीच.

प्रोग्रॅममध्ये कंसात काही लिहिलं तर मशीन ते वाचत नाही. सरळ ओलांडून पुढे जातं. ते माणसाने माणसासाठी लिहायचं असतं. खरं तर तिथे तुकड्याचं नाव, तारीख असलं काही लिहितात. मावशी पाळी संपताना प्रोग्रॅमच्या शेवटी कंस उघडायची आणि काकांसाठी दोन शब्द लिहायची. काका सकाळी उत्तर लिहायचे. पॅनेलवर अक्षरं फक्त इंग्रजी, पण भाषा आपलीच.

"बाळी काल नीट जेवली का?"

"सगळं संपवलं. दोनदा हसली."

दुसऱ्या दिवशी ते पुसायचं, नवं लिहायचं. अकरा वर्षं तिचा प्रश्न हाच. उत्तर थोडं इकडेतिकडे.

त्या मंगळवारी मावशी निघायच्या वेळेला बाळीला ठसका लागला. थांबेचना. पाठ चोळ, कुशीवर वळव, पाणी पाज, यात वेळ गेला. बस चुकली.

मावशी शेडमध्ये शिरली तेव्हा तीन वीस झाले होते.

काचेच्या खोलीत दिवा होता. मशीन सुरू होतं, पण आवाज वेगळा होता. कापण्याचा नाही. नुसता फिरण्याचा.

ती आत गेली.

कापणारं टूल तुकड्याच्या वर केसभर अंतरावर थांबून जागच्या जागी गरगरत होतं. फीड होल्डचा दिवा लागलेला.

आणि काका खाली... मशीनच्या दाराला पाठ टेकून बसलेले. डबा मांडीवर. जणू निघायच्या तयारीत.

हाक मारली. खांद्याला हात लावला.

गेले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय. पण मावशीच्या जिवाला लागलं ते दुसरंच. त्यांच्या सुपरवायझरला सगळे मोजपट्टी म्हणायचे. चहासुद्धा मोजून पितो, अशी ख्याती. तो त्या दिवशी घरी आला, खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "पावणेतीनला मला म्हणाले, छातीत भरून आल्यासारखं होतंय. मी म्हटलं, मग निघा ना. तर म्हणाले, ती येऊ दे. मशीन उघड्यावर टाकून कसा जाऊ?"

ती येऊ दे.

मावशी मला म्हणाली, "वीस मिनिटं गं. मी वेळेवर गेले असते तर ते वाटेत कुठेतरी पडले असते, लोकांनी दवाखान्यात नेलं असतं. किंवा नसतंही. पण माझी वाट बघत तर गेले नसते."

पंधरा दिवसांनी ती कामावर परत गेली. जावंच लागणार होतं. बाळीजवळ काकांची थोरली बहीण, बाळीची आत्या, येऊन राहिली. पहिल्या पाळीला माणूस मिळाला नव्हता, म्हणून सकाळभर मशीन बंद आणि खोलीला कुलूप. एक किल्ली मावशीकडे, एक मोजपट्टीच्या खणात.

पहिल्या दिवशी तिने कुलूप काढलं.

पंधरा दिवस बंद असलेलं मशीन. गार पडलेलं असणार. ते आधी हळूहळू फिरवून तापवावं लागतं, म्हणून तिने दार सरकवून आत हात घातला.

मशीन कोमट होतं...

तिने हात मागे घेतला. पॅनेलकडे बघितलं.

स्क्रीन चालू. वेगाचा नॉब ऐंशीवर. आणि सिंगल ब्लॉकचा पिवळा दिवा... लागलेला.

तिने मोजपट्टीला बोलावलं. "सकाळी कुणी चालवलं का?"

"छे. कुलूप तर तुम्हीच उघडलंत ना आत्ता?"

दुसऱ्या दिवशी पकडीत एक तुकडा होता. पूर्ण झालेला. तिने मायक्रोमीटर लावला. माप केसाचाही फरक नाही, इतकं बरोबर. स्क्रीनच्या कोपऱ्यात झालेल्या नगांचा आकडा असतो. रात्री जाताना तिने तो शून्य केला होता.

आता तिथे एक होता.

मावशी भाबडी नाही. तिने परीक्षा घ्यायची ठरवली. त्या रात्री निघताना मशीनच्या मागचा मोठा स्विच बंद केला. नॉब शून्यावर आणला. कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली, आणि मोजपट्टीच्या खणातलीही किल्ली त्याला सांगून मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता...

स्विच चालू. नॉब ऐंशीवर. पिवळा दिवा.

पकडीत एक तुकडा.

बाहेर लेथवर एक जुना कामगार असायचा. तो तिला सहज म्हणाला, "बाई, हल्ली सकाळी पण येता का? नाही, खोलीतून आवाज येतो म्हणून विचारलं. थांबत थांबत चालवता अगदी. काकांसारखं."



त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अडीचलाच गेली. बूट वाजणार नाहीत अशी, भिंतीच्या कडेने. काचेजवळ उभी राहिली.

खोलीत कुणी नव्हतं.

आणि मग आवाज आला.

टक्... टक्... टक्...

वेगाचा नॉब एकेक खाच पुढे सरकत होता. साठ. सत्तर. ऐंशी. थांबला.

हिरवं बटण आत गेलं...

आपोआप नाही. बोटाने दाबल्यावर जातं तसं. आधी थोडं, मग पूर्ण. मग सुटलं.

मशीन एक ओळ चाललं. उभं राहिलं.

मध्ये जरा वेळ गेला. कुणीतरी वाकून आत बघावं इतका.

पुन्हा हिरवं आत गेलं.

मावशी सांगते, तिला भीती वाटली नाही. तिने कुलूप काढलं आणि आत गेली.

"अहो..."

काही नाही. मशीन ओळीओळीने चालत राहिलं. तुकडा पूर्ण झाला. बरोबर तीनला फीड होल्डचा दिवा लागला आणि सगळं थांबलं.

कुणीतरी वाट बघत उभं असावं तसं.

मावशीला कळलं कशाची वाट.

रोज तीनला मशीन ताब्यात देताना ते म्हणायचे, "घ्या ऑपरेटरबाई, सांभाळा." आणि ती म्हणायची, "सांभाळलं. जा आता घरी." मगच त्यांचा पाय निघायचा. त्या दिवशी ते बोलणं झालंच नव्हतं. कुणी त्यांना सुटी दिलीच नव्हती.

तीन शब्द होते. जा आता घरी.

तिने ते उच्चारले नाहीत.

"कसे उच्चारणार होते मी?" ती मला म्हणाली. "म्हटले असते तर ते गेले असते ना."

मग रोजचंच झालं. मावशी अडीचला यायची. कुलूप काढून आत स्टुलावर बसायची. नॉब वाजायचा, हिरवं बटण आत जायचं, आणि ती त्या बटणाशी बोलायची. टपटपणारा नळ, आत्याचं घोरणं, बसमधला उर्मट कंडक्टर. हसायचीसुद्धा. तीनला होल्डचा दिवा लागला की म्हणायची, "थांबा जरा." मग दहा मिनिटं गप्प. मग स्वतःच रीसेट दाबायची आणि काम सुरू करायची. दिवा विझायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं तसंच.

पूर्वी दहा मिनिटं मिळायची. आता चाळीस.

ती मला म्हणाली, "पाप लागेल, पण तो महिना मी सुखात होते."

घरी मात्र बाळी वाळत चालली होती.

सकाळी आईच्या हातून ती चार घास खायची. पण दुपारी साडेतीन झाले की मान दाराकडे. काका त्या वेळी घरी यायचे. आत्या चमचा घेऊन तास तास बसायची. बाळी तोंड उघडायची नाही. ओठ घट्ट, डोळे दारावर. संध्याकाळ झाली की आवाज न करता रडायची. मग तिने सकाळचंही सोडलं.

डॉक्टरांनी वजन केलं, पुन्हा केलं. म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि तिची तब्येत बघता... नळीसुद्धा किती दिवस, सांगता येत नाही."

मावशीने हे मशीनपाशी सांगितलं नाही. तिथे तेवढं एक सोडून सगळं सांगायची.

मग एका दुपारी तिने प्रोग्रॅम उघडला. एक आकडा बदलायचा होता. प्रोग्रॅमला हात लावायचा तर पॅनेलवर एक छोटी किल्ली फिरवावी लागते, नाहीतर अक्षरं उमटतच नाहीत. काका गेल्यापासून ती किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला असायची. आंघोळीलासुद्धा निघत नव्हती.

ती खाली खाली गेली. शेवटच्या ओळीपर्यंत.

शेवटच्या ओळीनंतर... कंस होता.

आत काहीतरी लिहिलं होतं.

"बाळी जेवली का?"

मावशी स्टुलावर बसली.

अकरा वर्षं हा प्रश्न तिचा होता. उत्तर त्यांच्याकडे असायचं, कारण दुपारी घरी तेच असायचे. आता ते विचारत होते. म्हणजे ते घरी गेलेच नव्हते. त्या मंगळवारपासून ते इथेच, या काचेच्या खोलीत, पहिली पाळी संपायची वाट बघत उभे होते. आणि रोज तीनला त्यांना उभं ठेवून घेणारी ती होती.

तिने एकेक बटण दाबत खाली लिहिलं, "हो."

दुसऱ्या दिवशी तिचं "हो" पुसलेलं होतं. प्रश्न तोच.

"बाळी जेवली का?"

तिने पुन्हा लिहिलं, "हो. सगळं संपवलं."

अकरा वर्षं त्यांच्याकडून आलेलं उत्तर तिने त्यांनाच खोटं परत केलं.

तिसऱ्या दिवशी ती आत गेली तेव्हा नॉब वाजला नाही. हिरवं बटण हललं नाही. पकडीत तुकडा नव्हता. स्क्रीनवर प्रोग्रॅमचं शेवटचं पान उघडं होतं, आणि कंसातली ओळ.

"बाळी जेवली का?"

खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा तेच. पान भरेपर्यंत.

मावशी पॅनेलसमोर उभी राहिली. होल्डचा दिवा लागलेला होता.

"नाही," ती म्हणाली. "नाही जेवली. दीड महिना झाला, तुमची वाट बघतेय. माझ्याकडून खात नाही, ताईंकडून खात नाही. हाडं लागतात हाताला."

काही नाही.

"मला उशीर झाला त्या दिवशी. तिला ठसका लागला होता. बस चुकली. वीस मिनिटं झाली. मी मुद्दाम नाही केलं हो."

ती थांबली. काहीतरी होईल म्हणून. एखादा दिवा, एखादी खाच, एखादं अक्षर.

काहीच झालं नाही. ते उत्तर तिला तेव्हाही मिळालं नाही आणि नंतरही नाही.

बाहेर तीनचा भोंगा झाला.

तिने डोळे पुसले. पॅनेलवर दोन्ही हात ठेवले. मशीन ताब्यात घेताना ठेवतात तसे.

"सांभाळलं," ती म्हणाली. "जा आता घरी."

होल्डचा दिवा विझला.

मग पिवळा दिवा विझला.

नॉब फिरला... टक्, टक्, टक्... शून्यावर गेला.

तिच्या डाव्या खांद्याजवळून काहीतरी गेलं. वारा नव्हता. ऊब होती. काचेचं दार तिने लावलेलं होतं. ते जरासं उघडलं, आणि बाहेर पडणारा माणूस मागे ओढून घेतो तसं अलगद मिटलं.

मावशीने पाळी पूर्ण केली. एकशे चार तुकडे. ती सांगते, त्यातला एकही तिला आठवत नाही.

इकडे घरी काय झालं ते आत्याने सांगितलं.

साडेतीनच्या सुमाराला ती बाळीच्या उजवीकडे वाटी घेऊन बसली होती. नेहमीसारखीच, हरलेली. तेवढ्यात बाळीने दाराकडे बघितलं आणि हसली. आवाज करून. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग तिची नजर दारापासून निघाली, हळूहळू खोलीतून आत आली, आणि पलंगाच्या डाव्या बाजूला येऊन थांबली.

काका नेहमी डावीकडे बसायचे.

आत्याला घाम फुटला. ती वाटी स्टुलावर ठेवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

तिथे तिला आवाज आला...

चमचा वाटीला लागल्याचा. मग जरा शांतता. मग पुन्हा चमचा.

ती धावत आली. खोलीत कुणी नव्हतं. वाटी अर्धी झाली होती. बाळी घास गिळत होती.

आत्याने पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी बॅग भरली. मावशी म्हणाली, "ताई, तुम्ही घाबरलात का?"

"माझा भाऊ आहे तो," आत्या म्हणाली. "त्याला काय घाबरायचं? पण मी खोलीत गेले की घास थांबतो. बाहेर आले की सुरू होतो. मला तो येऊ देत नाही की मला बघू शकत नाही, देव जाणे. रोज दाराबाहेर उभं राहून तो चमचा ऐकायचा, आणि आत जायचं नाही... हे नाही गं होत माझ्याच्याने."

ती गेली. दुसरी कुणी बाई मावशीने ठेवली नाही.

माझ्या आईला हे कळल्यावर ती तणतणत गेली. दोघी बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं.

"पोरीला एकटी टाकून पाळीला जातेस? काही झालं म्हणजे?"

"एकटी नसते ती."

"वेड लागलंय तुला."

"तिचं वजन बघ," मावशी म्हणाली. "मग मला वेडी म्हण."

आईने बघितलं. बाळीचे गाल भरले होते. केस विंचरून मधोमध भांग पाडलेला होता. मावशी तिचा भांग कायम डावीकडे पाडते. मधोमध पाडायचे ते काका.

आई तशीच परत आली. तेव्हापासून ती त्या घरी दुपारची जात नाही.

मशीनमध्ये पुन्हा काही झालं नाही. मावशी रोज अडीचला जाते. कुलूप काढते. आत हात घालून बघते. गार असतं. प्रोग्रॅमच्या शेवटी कंस उघडून रोज काहीतरी लिहिते. दुसऱ्या दिवशी ते तसंच असतं, तिच्याच शब्दांत. खाली कुणी काही लिहिलेलं नसतं.

कारखान्याने तिला पहिली पाळी देऊ केली होती. मोजपट्टीनेच शब्द टाकला होता, चांगल्या मनाने. ती नाही म्हणाली. दुपारी ती घरी असली तर बाळी उपाशी राहते. सुटीच्या पहिल्याच दिवशी तिला हे कळलं. ती बाळीच्या उशाशी बसून राहिली, साडेतीन वाजले, आणि बाळी दाराकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत. कुणी आलं नाही.

आता सुटीच्या दिवशीही ती अडीचला घर सोडते.

मी गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले होते. सुटी आहे म्हणून घरी असेल, असं धरून गेले. ती मला घरासमोरच्या बागेत, बाकावर दिसली. कामावरचे बूट घातलेले. पर्स मांडीवर. समोरच तिची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी.

"मावशी, इथे काय करतेस?"

"बस," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."

मी बसले. तेव्हाच तिने मला हे सगळं सांगितलं. मधूनच थांबायची, खिडकीकडे बघायची. मुलं खेळून घरी गेली. माळी नळी गुंडाळून गेला. थंडी वाजायला लागली. मी म्हटलं, "चल ना वर. मी आहे की सोबत."

तिने मान हलवली. "मी गेले की ते उठतील."

अंधारून आलं.

मी खरंच सांगते, मी त्यातल्या कशावर विश्वास ठेवला नव्हता. दुःखाने माणूस काय काय रचतो, असंच मनात चाललं होतं. उद्या आईशी बोलायचं, कुणा चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, हेही ठरवून झालं होतं.

तेवढ्यात मावशी हळूच म्हणाली, "दिवा लावला बघ."

त्या घरात बाळीशिवाय कुणी नव्हतं. कुलूप मावशीने लावलेलं, किल्ली तिच्या पर्समध्ये. आणि बाळीचा हात आजवर कधी स्वतःच्या तोंडापर्यंत पोचलेला नाही.

मी मान वर केली नाही. माझ्या चपलांकडे बघत राहिले. पायांसमोरच्या फरशीवर खिडकीचा उजेड पडला होता, चौकोनी, पिवळा. त्यात खिडकीच्या गजांच्या सावल्या होत्या. आणि गजांच्या मध्ये आणखी एक...

मी डोळे मिटून घेतले.

"काय करतायत गं?" मावशीने मला विचारलं. "मला इथून नुसती खिडकी दिसते. तुझी नजर चांगली आहे. सांग ना, दिसतात का?"

मी डोळे उघडले नाहीत. मी तिचा हात धरून बसून राहिले.